‘लेट’ म्हणजे मोकळीक, ‘लेट’ म्हणजेच अडथळा: एका इंग्रजी क्रियापदाचे जुने-नवे अर्थ कसे ओळखावेत

भारतीय पासपोर्टच्या आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने केलेली एक विनंती हिंदीत आणि इंग्रजीत छापलेली असते. पासपोर्टधारकाला मुक्तपणे जाऊ द्यावे असे सांगताना इंग्रजी मजकुरात ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ असे शब्द येतात आणि त्याच जागी हिंदीत ‘बिना रोक-टोक’ असे म्हटलेले आहे. शाळेत आपण ‘लेट मी गो’ म्हणजे ‘मला जाऊ द्या’ असे शिकलेलो असतो. मग ‘लेटशिवाय जाऊ द्या’ या वाक्याचा अर्थ लावायचा तरी कसा? ज्या शब्दाचा अर्थ ‘जाऊ देणे’ असा आपण पाठ केलेला असतो, तोच शब्द येथे ‘जाऊ न देणे’ या अर्थाने उभा असतो.

एल-ई-टी या तीन अक्षरांच्या क्रियापदाचा माग कसा काढावा, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणारे, जुनी खरेदीखते आणि करारनामे वाचणारे, तसेच शेक्सपिअरच्या काळातील इंग्रजी अभ्यासणारे विद्यार्थी यांना हा शब्द वारंवार भेटतो आणि वारंवार फसवतो. ‘गाडी लेट झाली’ या वाक्यातील ‘लेट’चे इंग्रजी स्पेलिंग वेगळे असून तो शब्द वेगळा आहे, मात्र त्याचे या गोष्टीशी एक जवळचे नाते आहे आणि ते पहिल्याच पायरीवर उपयोगी पडते.

पहिली पायरी: येथे शब्द एक नसून दोन आहेत, हे ध्यानात घेणे

नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकले, त्याआधीच्या जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदे होती. एकाचा उच्चार साधारण ‘लॅटन’ असा, त्यातील पहिला स्वर दीर्घ. दुसऱ्याचा ‘लेट्टन’ असा. पहिल्याचे अर्थ सोडणे, मागे ठेवणे, करू देणे, जमीन खंडाने किंवा भाड्याने देणे असे होते. दुसऱ्याचा अर्थ अडवणे, खोळंबा करणे असा होता. पुढच्या काही शतकांत पहिल्याचा दीर्घ स्वर आखूड झाला, दोन्हींचे शेवटचे प्रत्यय गळून पडले आणि परस्परविरुद्ध अर्थांची ही दोन क्रियापदे उच्चारात आणि लेखनात एकरूप होऊन बसली. जर्मनमधील ‘लासन’ आणि डचमधील ‘लाटन’ ही पहिल्याची भावंडे आजही त्या भाषांत रोज वापरली जातात. दुसरे क्रियापद मात्र इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यातून जवळजवळ नाहीसे झाले.

हे लक्षात ठेवण्यासाठी आपल्या बोलण्यातला ‘लेट’ कामी येतो. उशीर या अर्थाचा जो इंग्रजी शब्द आपण मराठीत पचवला आहे, त्याचा जुना अर्थ ‘मंद, संथ’ असा होता आणि त्याच विशेषणापासून ‘लेट्टन’ हे क्रियापद तयार झाले. म्हणजे अडवणारा ‘लेट’ हा शब्दशः ‘लेट करणारा’ होय. आणखी मागे गेल्यास दोन्ही क्रियापदांची मुळे ‘सैल पडणे, ढिले सोडणे’ अशा एकाच धातूत मिळतात, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. पण वाचकाच्या कामासाठी त्यांना दोन स्वतंत्र शब्द धरून चालणेच सोयीचे आहे. यापुढे मी एकाला ‘मोकळीक देणारा लेट’ आणि दुसऱ्याला ‘अडवणारा लेट’ असे म्हणेन.

जाता जाता एक सावधगिरी सांगतो. भाडेपट्टा या अर्थाचा ‘लीज’ हा इंग्रजी शब्द अर्थाने ‘लेट’च्या शेजारी बसतो, म्हणून दोन्ही एका मुळाचे असावेत असे वाटते. ते तसे नाहीत. ‘लीज’ फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला आहे. हिंदीतील ‘लेटना’ या क्रियापदाचाही येथे काही संबंध नाही.

दुसरी पायरी: वाक्याची रचना तपासणे

समोरच्या वाक्यात कोणता ‘लेट’ आहे हे ठरवण्यासाठी शब्दकोश उघडण्यापूर्वी वाक्याकडेच नीट पाहावे. ‘लेट’नंतर कोणाचा तरी उल्लेख आणि त्यानंतर दुसरे क्रियापद आले असेल, तर तो बहुतेक वेळा मोकळीक देणारा असतो: ‘लेट हिम स्पीक’, त्याला बोलू द्या. ‘लेट’नंतर फक्त व्यक्ती किंवा काम आले आणि पुढे क्रियापदच नसेल, तर थांबावे आणि अडवण्याचा अर्थ लावून पाहावा.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये, पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात आहे. बापाचे भूत हॅम्लेटला खुणेने बोलावते, तो त्याच्यामागे निघतो आणि होरेशियो व मार्सेलस त्याला धरून ठेवतात. तेव्हा तो म्हणतो की ‘हिम दॅट लेट्स मी’ त्याचे मी भूत करीन. ‘लेट्स मी’नंतर येथे क्रियापद नाही. शाळेतला अर्थ लावला तर ‘मला जो परवानगी देईल त्याला ठार करीन’ असे निरर्थक वाक्य हाती येते. ‘मला जो अडवील त्याचेच भूत करीन’ असे म्हटले की प्रसंगही जुळतो आणि धमकीतला कडवटपणाही उतरतो. गोपाळ गणेश आगरकरांनी या नाटकाचे ‘विकारविलसित’ हे मराठी रूपांतर केले आणि ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. मूळ प्रवेश आणि हे रूपांतर शेजारी ठेवून वाचणे हा या पायरीचा उत्तम सराव आहे.

ही कसोटी डोळे मिटून मात्र लावू नये. ‘लेट द हाउस’ यातही पुढे क्रियापद नाही, तरी अर्थ ‘घर भाड्याने देणे’ असा आहे. ‘लेट ब्लड’ म्हणजे रक्त काढणे. आयुर्वेदातील रक्तमोक्षण किंवा जुन्या काळी जळवा आणि तुंबड्या लावून करत तो उपचार. म्हणून ‘लेट’नंतर येणारी वस्तू घर, जमीन किंवा रक्त यांपैकी असेल तर पहिला शब्द धरावा, माणूस, प्रवास, काम किंवा हेतू असेल तर दुसऱ्याचा संशय घ्यावा. ‘लेट’च्या जोडीला ‘हिंड्रन्स’, ‘स्टॉप’ अशा अटकावाच्या अर्थाचे शब्द असतील, किंवा भूतकाळाचे रूप ‘लेटेड’ असे असेल, तर संशय उरतच नाही, कारण मोकळीक देणाऱ्या ‘लेट’चे भूतकाळी रूप आजच्या इंग्रजीत ‘लेट’ असेच राहते.

नामाच्या बाबतीत प्रश्न आणखी सोपा आहे. ‘अ लेट’ असे नाम जुन्या मजकुरात दिसले, तर ते जवळजवळ नेहमी अडथळ्याचेच नाम असते. ब्रिटिश इंग्रजीत ‘भाड्याने दिलेली जागा’ अशा अर्थाचेही एक नाम आहे, पण ते जाहिरातींच्या भाषेतले असल्यामुळे गोंधळ होण्याची वेळ क्वचितच येते.

तिसरी पायरी: मजकुराचे वय पाहणे

अडवणारा ‘लेट’ सतराव्या शतकापर्यंत जिवंत, चालता-बोलता शब्द होता. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये दोन्ही ‘लेट’ एकाच ग्रंथात सापडतात. ‘उत्पत्ती’ या त्यातील पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात ‘लेट देअर बी लाइट’, म्हणजे ‘प्रकाश होवो’, असे वाक्य आहे. आणि थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ‘ही हू नाउ लेटेथ विल लेट’, म्हणजे ‘जो आता अडवीत आहे तो अडवीत राहील’, असे वाक्य आहे. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या आरंभी पौल म्हणतो की मला तुमच्याकडे यायचे होते, पण आजवर ‘लेट’ झालो. तेथेही अर्थ ‘उशीर झाला’ असा नसून ‘मला अडथळे आले’ असा आहे. बायबलच्या ‘नवा करार’ या भागाची सुधारलेली इंग्रजी आवृत्ती १८८१ साली निघाली तेव्हा या दोन्ही पत्रांतील ‘लेट’ काढून तेथे ‘रोखणे’ आणि ‘अडथळा येणे’ या अर्थांची दुसरी क्रियापदे घातली गेली. सामान्य वाचकाला तोवर जुना अर्थ कळेनासा झाला होता, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

यावरून व्यवहारासाठी एक अंदाज बांधता येतो. मजकूर साधारण १७०० पूर्वीचा असेल तर प्रत्येक ‘लेट’कडे दोनदा पाहावे. त्यानंतरचा असेल तर अडवणारा ‘लेट’ फक्त ठरीव शब्दप्रयोगांत, कायद्याच्या भाषेत, खेळांत आणि जाणूनबुजून जुन्या वळणाने लिहिलेल्या कवितेत शोधावा.

याच जुन्या थरात मोकळीक देणाऱ्या ‘लेट’चाही एक अर्थ गाडला गेला आहे आणि तो अनुवादकांना हमखास चकवतो. मध्ययुगीन इंग्रजीत ‘लेट’ हे प्रयोजक क्रियापदासारखे चालत असे. कॅक्स्टनने १४८५ साली छापलेल्या, मॅलरीने लिहिलेल्या आर्थर राजाच्या कथांत राजाने ‘लेट क्राय अ ग्रेट फीस्ट’ असे येते. राजाने कोणाला ओरडू दिले असा त्याचा अर्थ नाही. त्याने मोठ्या मेजवानीची दवंडी पिटवली, असा आहे. तसेच ‘लेट मेक’ म्हणजे ‘करू दिले’ नव्हे, तर ‘करवून घेतले’. मराठीत यासाठी वेगळे रूपच आहे: बांधला आणि बांधवला, पिटली आणि पिटवली. त्यामुळे अर्थ एकदा कळला की मराठी वाक्य इंग्रजीपेक्षा नेटके होते. जर्मनमधील ‘लासन’ आजही हे काम करतो, म्हणून जर्मन शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याला ही रचना ओळखीची वाटते.

चौथी पायरी: मोकळीक देणाऱ्या ‘लेट’साठी ‘देणे’ वापरून पाहणे

या पायरीवर मराठी वाचकाला इतरांपेक्षा सोपे जाते, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण ‘देणे’ हे आपले क्रियापद आहे. ‘जाऊ देणे’ यात ते परवानगी देते, ‘भाड्याने देणे’ यात वापराचा हक्क देते. इंग्रजी ‘लेट’ नेमकी हीच दोन कामे करतो.

इमारतींवर लावलेल्या ‘टू लेट’ या पाटीचे व्याकरण इंग्रजी शिकणाऱ्याला विचित्र वाटते. घर स्वतः काही भाड्याने देत नाही. मग ‘हाउस टू लेट’ हे कर्तरी रूप का? नियमाप्रमाणे ‘टू बी लेट’ हवे. पण ही जुन्या इंग्रजीपासून चालत आलेली रचना आहे, तिच्यात रूप कर्तरी आणि अर्थ कर्मणी असतो. हे समजावून सांगण्यासाठी व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा आपली पाटी पुरेशी आहे: ‘जागा भाड्याने देणे आहे.’ ‘विकणे आहे’ या पाटीतही तेच घडते. दोन्ही भाषांतल्या पाट्या एकाच घडणीच्या आहेत. ‘सबलेट’ म्हणजे घेतलेली जागा पुढे दुसऱ्याला भाड्याने देणे. असा दुसरा भाडेकरू म्हणजे मराठीतला ‘पोटभाडेकरू’.

महाराष्ट्रात घर भाड्याने देताना ‘लेट’ऐवजी ‘लिव्ह अँड लायसन्स’ हा करार रूढ आहे, आणि येथे शब्दार्थ नीट कळणे पैशांच्या आणि ताब्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. या ‘लिव्ह’चा अर्थ ‘सोडून जाणे’ असा घेतला जातो. तो चुकीचा आहे. ही ‘लिव्ह’ म्हणजे अनुमती. निघून जाण्याच्या ‘लिव्ह’शी तिचे स्पेलिंग जुळते, पण मूळ वेगळे आहे. सर्वोच्च न्यायालयात दाखल होणाऱ्या ‘स्पेशल लिव्ह पिटिशन’मध्ये हीच अनुमती मागितलेली असते, म्हणून तिला मराठीत विशेष अनुमती याचिका म्हणतात. कार्यालयातली ‘लिव्ह’ म्हणजेही मुळात गैरहजर राहण्याची परवानगी. आणि आपला ‘रजा’ हा अरबीतून आलेला शब्दही संमती, परवानगी या अर्थाचाच आहे, म्हणून निरोप घेताना आपण ‘आता रजा घेतो’ असे म्हणतो.

आता फरक पाहा. जागा ‘लेट’ केली की मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ प्रमाणे घेणाऱ्याला त्या जागेच्या उपभोगाचा हक्क मिळतो आणि भाडेकरू म्हणून कायद्याचे संरक्षणही मिळू शकते. ‘लिव्ह अँड लायसन्स’मध्ये त्याच वर्षीच्या सुविधाधिकार अधिनियमाच्या ५२व्या कलमातील व्याख्येप्रमाणे जागा वापरण्याची केवळ परवानगी मिळते, जागेत हितसंबंध निर्माण होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे दोन्ही प्रकारचे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. तेव्हा इंग्रजी मसुद्यात ‘लेट’ आणि ‘लायसन्स’ हे दोन्ही शब्द आल्यास अनुवादात दोन्हींसाठी सरसकट ‘भाड्याने देणे’ लिहू नये. एका ठिकाणी ‘भाड्याने देणे’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘वापरास अनुमती देणे’ असा भेद अखेरपर्यंत पाळावा.

इंग्रजीतील खरेदीखतांत अडवणारा ‘लेट’ही भेटतो. खरेदीदाराने मिळकतीचा उपभोग ‘विदाउट एनी लेट, हिंड्रन्स, इंटरप्शन’ घ्यावा, अशा अर्थाचे कलम विक्रेत्याच्या हमीत असते. म्हणजे एकाच व्यवहाराच्या कागदपत्रांत एका पानावर ‘लेट’ म्हणजे भाड्याने देणे आणि दुसऱ्या पानावर ‘लेट’ म्हणजे आडकाठी असे होऊ शकते. हमीच्या कलमात ‘कोणाचीही आडकाठी, हरकत वा अडथळा न येता’ असे लिहिल्यास अर्थ बिनचूक पोचतो.

पाचवी पायरी: आज्ञा, इच्छा आणि बेफिकिरी वेगळी करणे

‘लेट हिम कम’ या तीन शब्दांचे मराठीत किमान तीन अनुवाद होतात. परवानगी असेल तर ‘त्याला येऊ द्या’. इच्छा किंवा प्रार्थना असेल तर ‘तो येवो’. बोलणाऱ्याला पर्वाच नसेल तर ‘येईना का!’ इंग्रजीत हा फरक आवाजाच्या चढउतारावर आणि संदर्भावर सोडलेला असतो, मराठीत क्रियापदाच्या रूपातच तो दाखवावा लागतो. म्हणून अशा वाक्याचा अनुवाद करण्याआधी मागची-पुढची दोन वाक्ये वाचावीत आणि बोलणारा कोणत्या मनःस्थितीत आहे हे ठरवावे. सर्वत्र ‘दे’ वापरणारा अनुवाद ओळखू येतो आणि तो वाचवत नाही.

‘लेट्स गो’ यात कोणी कोणाला परवानगी देत नाही. तेथे ‘आपण जाऊ या’ किंवा नुसते ‘चला’ एवढेच पुरते; ‘आपल्याला जाऊ द्या’ असे लिहिले की बसमधून उतरण्यासाठी वाट मागितल्यासारखे वाटते. गणितात ‘लेट एक्स बी’ आले की मराठी पाठ्यपुस्तकांच्या रूढीप्रमाणे ‘समजा’ किंवा ‘मानू’ लिहावे.

जोडशब्दांबाबत फार विस्तार करण्याची गरज नाही, पण काही ठिकाणी मराठीत तयार शब्द असतात आणि ते सोडून कृत्रिम शब्द घडवले जातात, याचे मला वाईट वाटते. कपडा ‘लेट आउट’ करणे म्हणजे शिवणीत ठेवलेली माया सोडून तो सैल करणे. ‘माया’ हा शिवणकामातला शब्द असताना ‘बाहेर सोडणे’ लिहिण्याचे कारण नाही. पाऊस ‘लेट अप’ होतो म्हणजे उघडीप मिळते. फटाके ‘लेट ऑफ’ करतात म्हणजे उडवतात, आणि गुन्हेगाराला ‘लेट ऑफ’ करतात म्हणजे सोडून देतात. कर्मचाऱ्याला ‘लेट गो’ केले म्हणजे त्याला कामावरून कमी केले. इंग्रजीइतकाच सौम्य शब्दप्रयोग मराठीत आधीपासून आहे. ‘लेट अलोन’ वाक्याच्या मध्यावर आले तर ‘तर दूरच’: त्याला पोळी करता येत नाही, पुरणपोळी तर दूरच.

सहावी पायरी: शब्दकोश कोणत्या क्रमाने पाहावेत

आधुनिक विद्यार्थी-कोश आजचा, जास्त वापरातला अर्थ आधी देतात आणि जुने अर्थ गाळतात. त्यामुळे ‘लेट’सारख्या शब्दासाठी त्यांच्यावर विसंबू नये. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश, ज्याचे भाग १८८४ पासून निघू लागले आणि पहिली आवृत्ती १९२८ साली पूर्ण झाली, तो अर्थांची मांडणी कालक्रमाने करतो आणि प्रत्येक अर्थासाठी तारखेसह उतारे देतो. त्यात दोन्ही ‘लेट’ वेगळ्या नोंदींखाली आहेत. पाहताना आधी नोंदींची संख्या मोजावी, मग प्रत्येक नोंदीची व्युत्पत्ती वाचावी आणि शेवटी आपल्या मजकुराच्या काळाशी जुळणारे उतारे शोधावेत. थेट अर्थांच्या यादीत उडी घेतली की दोन शब्दांची सरमिसळ होते. अठराव्या शतकातील मजकुरासाठी सॅम्युएल जॉन्सनचा १७५५चा कोश पाहावा. त्यानेही अडवणाऱ्या ‘लेट’ला स्वतंत्र नोंद दिली आहे.

मराठी प्रतिशब्दांसाठी मोल्सवर्थने सुरू केलेला आणि कँडीने पूर्ण केलेला १८४७चा इंग्रजी-मराठी कोश हाताशी असावा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते. अटकाव, आडकाठी, खोळंबा, मज्जाव, हरकत या शब्दांच्या अर्थच्छटा तेथे पडताळून पाहाव्यात, कारण पासपोर्टच्या वाक्यातला ‘लेट’, खरेदीखतातला ‘लेट’ आणि हॅम्लेटचा ‘लेट’ यांना एकच मराठी शब्द शोभत नाही.

शेवटचा पडताळा मैदानावर करता येतो. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळ्याला लागून योग्य चौकोनात पडली की पंच ‘लेट’ पुकारतो आणि ती सर्व्हिस पुन्हा केली जाते. हा शब्द ‘नेट’चा अपभ्रंश आहे, असा समज पुष्कळांचा असतो. पण स्क्वॉश पाहा. तेथे चेंडूचा जाळ्याशी संबंधच नाही, कारण जाळेच नसते. प्रतिस्पर्धी वाटेत आल्यामुळे चेंडूपर्यंत पोचता आले नाही, की खेळाडू हात वर करून ‘लेट, प्लीज’ म्हणतो. मला अडथळा झाला, एवढेच त्याचे म्हणणे असते.